एकाच नंबरच्या दोन गाड्या: पूर्णगडची चौकशी

पुण्यातल्या एका गाडीविक्याने मला दोन सीटांची लाल, जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार दाखवली. "पूर्णगडच्या कप्तानांची, मॅडम. नव्याने बांधलीय, पण अस्सल." आरसी बुकावर गावाचं नाव होतं. म्हटलं, होकार देण्याआधी कप्तानांचं घर बघून यावं.

पहाटे निघाले. आंबा घाट उतरून साखरप्याला मिसळ खाल्ली. रत्नागिरीहून पावसमार्गे पूर्णगडला तासभर धरा. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की गाडी कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्याला टेकवूनच उभी करावी लागते.

कप्तान वारले आहेत. घरी त्यांच्या कन्या सुनंदाताई, निवृत्त शिक्षिका. मोबाइलवरचा फोटो त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"रंग आबांच्याच गाडीचा. पण आम्ही ती विकली कुठे? एकजण आला होता. प्रदर्शनात लावतो म्हणून कागद आणि नंबराची पट्टी घेऊन गेला. कोऱ्या फॉर्मवर सहीसुद्धा घेतलीन. दोन वर्षं झाली, पत्ता नाही."

"मग गाडी?"

"मागच्या मांगरात आहे, चल."

परसातल्या त्या खोपीत गवताच्या भाऱ्यांमागे ती उभी होती, गंजलेली. चासीवरचा गंज ब्रशने खरवडला, कागद ठेवून वर पेन्सिल घासली. एकेक आकडा उमटत गेला. पुण्याच्या गाडीवरून टिपून घेतलेला तोच चासी नंबर. म्हणजे तिकडे भलतेच सुटे भाग जोडून त्यावर हा नंबर ठोकला होता.

तिथूनच पुण्याच्या गाडीविक्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "जुन्या गाड्यांत एवढं चालतं. आत्मा तोच आहे ना? आणि सही बाईंचीच आहे."

ताईंनी फोन घेतला. "आत्मा राहू दे. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात मी, नक्कल ओळखते. माझे कागद परत कर."

त्याने फोन ठेवला.

ताईंनी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला, पण दोघींनाही धड जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत लेखी तक्रार दिली, पेन्सिलीचा कागद आणि फोटो जोडून. पोच घेतल्याशिवाय ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

कागद पंधरा दिवसांत कुरिअरने परत आले, माफीचा एक शब्दही नव्हता. मला गाडी मिळाली नाही, त्याचं दुःख नाही. एका म्हातारीच्या विश्वासावर हा माणूस वारसा विकत होता, ते डोक्यातून जात नाही.

परवा त्याच विक्याच्या जाहिरातीत तीच लाल गाडी पुन्हा दिसली. नंबर नवा, मूळ मालक म्हणून आता गोव्याच्या कुणा डॉक्टरांचं नाव. जाहिरात ताईंना पाठवली. लगेच उत्तर आलं: "त्यांच्याही घरी कुणी असेल. कधी निघायचं?"