खंडेनवमीचा मोडेम

कर्जतजवळच्या एका भातगिरणीतला युनिक्सवर चालणारा म्हातारा कॉम्प्युटर मी सांभाळतो. म्हणजे तो बिघडला की मला बोलावतात आणि मी आधी सगळ्यांवर खेकसून घेतो. फाटकापाशी वजनकाटा, पार मागे ऑफिसात कॉम्प्युटर, मधे जुनी टेलिफोनची तार आणि तारेच्या दोन्ही टोकांना एकेक मोडेम. काट्यावर टेंपो चढला की वजन ऑफिसातल्या पडद्यावर उमटतं. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं काम.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वजनाऐवजी पडद्यावर भलतीच चिन्हं उमटू लागली. फाटकाबाहेर भाताचे टेंपो खोळंबले. शेठ म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत चालू नाय झालं तर मुंबईहून नवा काटा आणतो. त्याला माणूसच लागत नाय."

माणूस म्हणजे वजनं नोंदवणाऱ्या ताई. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्या खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

चिन्हं बघताच मी ओळखलं, वेग जुळत नाही. एक टोक घाईघाईने बोलतंय, दुसरं सावकाश ऐकतंय. "याला कोणीतरी हात लावलाय," मी जाहीर केलं आणि थेट ताईंकडे बघितलं. शेठनीही बघितलं.

"मी नाय लावला ओ," ताई म्हणाल्या.

"मग काय आपोआप झालं?"

हे मी शेठसमोर बोललो. आज आठवलं तरी कान गरम होतात.

मग मी बसलो. पोर्टचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या तारजोडणीचा, वेग मनाला येईल तेवढा कमीजास्त करता येत नाही. ठरलेले आकडे असतात. शहाण्णवशे होता, अठ्ठेचाळीसशे केला, चोवीसशे केला, बाराशेवर आलो. दर वेळी नवी चिन्हं. केबल बदलली, पोर्ट बदलला, यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारचे चार वाजले. शेठ दारात येऊन नुसते घड्याळ बघून जात होते.

तेवढ्यात ताई फाटकाकडून आल्या. तिथला मोडेम त्यांनी नीट बघून ठेवला होता. "तिकडच्या मोडेमची पांढरी बटनं सगळी वर हायेत. हितलं एक खाली हाय. आन् त्याच्या खाचेत कुंकू हाय."

मी वाकून बघितलं. वेग ठरवणारं इवलंसं बटण. खाचेतलं कुंकू ताजं होतं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा गेल्या वर्षीचं हळदकुंकू आगकाडीने टोकरून मोडेम लख्ख करणारा आणि त्यावर नवं वाहणारा भाविक मीच होतो. ताई त्या दिवशी रजेवर होत्या.

आगकाडीनेच बटण वर केलं. पडद्यावर वजन उमटलं. शेठ धावत आले. "काय झालं होतं?"

जुनी तार, असं म्हणता आलं असतं. ताई माझ्याकडे बघत होत्या. "मीच पूजेच्या दिवशी बटण पाडलं," मी म्हणालो, "आणि आळ यांच्यावर घेतला. चुकलो, ताई."

शेठना हसावं की रागवावं कळेना. ताई मात्र खुर्चीत जाऊन बसल्या, पुढचा टेंपो काट्यावर घ्यायला सांगितला आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या खंडेनवमीला तुमी लांबनंच नमस्कार करा."