मरियामातेच्या दिव्याखालचा बोर्ड

फेलिक्स गेल्याचा फोन त्याच्या आईने केला. सकाळी चहा घेता घेता हृदय बंद पडलं, एवढंच त्या सांगू शकल्या. रडून झाल्यावर मी ती बातमी आमच्या मेल-ग्रुपवर टाकली, कारण त्याच्या कामावर फुकट जगणारी जगभरातली माणसं तिथेच भेटतात. पहिलं उत्तर आलं, 'ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो.' दुसऱ्यात शांतीच्या जोडीला प्रश्न होता, 'मग बोर्डाच्या वायफायची दुरुस्ती आता कोण करणार?'... फेलिक्स हे वाचून खूश झाला असता. माणसांविषयी त्याचं मत तसंच होतं.

गोराईचा फेलिक्स आणि बोरिवलीची मी, कॉलेजपासूनचे दोस्त. तळहाताएवढ्या बोर्डावर अख्खा संगणक असतो. कंपन्या असे बोर्ड वाजतगाजत विकतात आणि दोन वर्षांत त्यांचं नावही विसरतात. अशा टाकून दिलेल्या बोर्डांवर, सगळ्यांना खुली असलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम चालती करणं हा फेलिक्सचा उद्योग. कंपनीची माहितीपत्रकं अर्धवट, आणि जी पूर्ण ती चुकीची. तो ती मला मोठ्याने वाचून दाखवायचा. "बघ गं, ही पिन तिथे नाहीच! लिहिणाऱ्याने बोर्ड बघितला तरी होता का?" त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, कचरा आणि महागडा कचरा. अंधेरीतली माझी नोकरी दुसऱ्यात. "एसीतली हमाली आहे यार तुझी," म्हणायचा. मीही तितकीच तुसडी, म्हणून आमचं जमलं. एका कंपनीने त्याची सिस्टीम चक्क स्वतःच्या नावाने विकली तेव्हा मी भडकले, तर हा हसत होता. "चोरायला पण अक्कल लागते ना. माझ्या चुकासुद्धा तशाच ठेवल्यात त्यांनी."

ग्रुपचा नियम असा, की ज्या बोर्डाच्या चाचणीचा मेल येणं थांबलं तो सिस्टीमच्या पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायचा. म्हणून फेलिक्सने एक बोर्ड कायम चालू ठेवला होता. रोज सकाळी तो नवी सिस्टीम स्वतःवर चढवतो, सुरू होतो आणि फेलिक्सच्या नावाने ग्रुपला मेल पाठवतो. फेलिक्स गेल्यावरही ते मेल येतच राहिले. मग त्या मंडळींच्या नाजूक मनांना त्रास होऊ लागला. गेलेल्या माणसाच्या नावाने मेल येणं बरं दिसत नाही, तू जवळ राहतेस, जाऊन बोर्ड बंद कर, असं मला अतिशय सभ्य भाषेत कळवण्यात आलं. बोर्ड बंद म्हणजे त्यावरचं त्याचं इतक्या वर्षांचं काम बाद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते सांभाळायला एकही पुढे आला नाही. हळवे मात्र सगळे झाले.

महिन्याच्या मिसाला, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, गोराईला गेले, तेव्हा तो बोर्ड त्याच्या खोलीत सापडेना. आंटींनी, त्याच्या आईने, बाहेरच्या खोलीतल्या अल्तारकडे, त्यांच्या देव्हाऱ्याकडे, बोट दाखवलं. मरियामातेपुढे लाल दिवा, आणि खाली त्याच दिव्याच्या बटणावर जोडलेला बोर्ड. ते बटण त्या घरात कुणीही, कधीही बंद करत नाही. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर आधी तो दिवा. अख्ख्या जगाला कचरा म्हणणाऱ्या माणसाने भरवसा ठेवला तो आईच्या या सवयीवर.

मी आंटींना सगळं सांगितलं. "बंद करू का?" विचारताना मला रडू फुटलं...

"त्या बटणाला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "आणि मेल जातायत तर जाऊ देत ना. लोकांना काय वाटेल याची जिवंतपणी तरी कुठे पर्वा केली त्याने?"

मी ग्रुपला कळवलं, बोर्ड बंद होणार नाही, आणि सांभाळणारी म्हणून यापुढे माझं नाव लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला, रोजचाच. 'बोर्ड सुरू झाला. सगळं ठीक आहे. फेलिक्स.' इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.