कंट्रोल-सी आणि माझी चार तासांची थाप

मला राग चटकन येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या रविवारी तो वहिनींवर निघाला, आणि त्याची लाज अजून जात नाही.

वहिनींची नजर गेल्या दोन वर्षांत हळूहळू गेली. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. म्हणून मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून, पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवत होतो. तयार मिळणारा आवाज जोडाक्षरांवर असा अडखळायचा की वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा माझ्या वर्गात असता तर नापास केला असता." मग ठरवलं, नव्या आवृत्तीचा सोर्स कोड उतरवून घरीच कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बांधायचा. मशीन जुनं, त्यामुळे सकाळपासून काळ्या पडद्यावर ओळीच ओळी सरकत होत्या.

बाराच्या सुमारास मी त्यांच्यासाठी हेडफोन आणायला द्वारका सर्कलच्या एका दुकानात निघालो. निघताना म्हटलं, "काही गडबड वाटली तर कंट्रोल धरून सी दाबा, थांबेल." की-बोर्ड त्यांना बोटांनी पाठ होता.

परत यायला दीड तास लागला. ट्रॅफिकला शिव्या घालतच घरात शिरलो, तर ओळी थांबलेल्या.

"कोणी बंद केलं हे?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "फार तापला होता हो, हात ठेववेना. तुम्हाला दोनदा फोन लावला."

"अहो, सकाळपासूनच्या कामाची वाट लावलीत! दिसत नाही तर हात कशाला लावायचा?"

हे मी बोललो. आईसमोर, दादासमोर. दादा ओझरच्या कारखान्यात आहे, त्याला त्या दिवशी सुट्टी होती.  वहिनी हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

आणि तापला का होता? धूळ बसू नये म्हणून आईने मी गेल्यावर लॅपटॉपच्या की-बोर्डवर लोकरीचा विणलेला रुमाल घातला होता, तोही दुहेरी. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, फ्रिज, सगळ्यांना रुमाल असतो. मी तो गुपचूप घडी करून ठेवला. आईवर ओरडायची माझी टाप नाही.

मशीन जरा निवू दिलं आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. चार ओळींतच कळलं, काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चाललं होतं. कंपाइल होताना प्रोग्रामचे शेकडो तुकडे एकेक करून तयार होतात. पापड लाटताना मध्येच उठलं तर लाटून झालेले कुठे जात नाहीत, पोळपाटावरचा एक तेवढा पुन्हा लाटायचा. जपायचं ते नंतर, तयार फाइली सिस्टिममध्ये कॉपी होताना. तेव्हा तोडलं तर अर्धं नवं, अर्धं जुनं अशी खिचडी होते. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो. वहिनींनी योग्य वेळी, योग्य रीतीने थांबवलं होतं. नाहीतर लॅपटॉपच बसला असता.

हे मला आधी माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. माझं पोटच त्या कामावर आहे.

उरलेलं दहा मिनिटांत संपलं. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. तेवढ्यात दादाने विचारलं, "किती वेळ रे अजून?" आणि मी म्हणालो, "पहिल्यापासून करावं लागतंय. चार तास." दादाला त्या ओळींतलं काही कळत नाही. वहिनींच्या तर समोरच पडदा होता, आणि त्यांना दिसत नाही म्हणूनच ही थाप खपली. चार तास मी तिथे बसून मोबाइलवर क्रिकेट पाहिलं, आवाज बंद करून. शी!

संध्याकाळी मशीन बोललं, जोडाक्षरांसकट. वहिनी "छान" म्हणाल्या. पण तेव्हापासून दर वेळी विचारतात, "भाऊजी, हात लावू का?" मी घरी नसलो तर लावतच नाहीत. ज्या वाचनासाठी एवढा खटाटोप केला, ते माझी वाट बघत दिवसभर पडून राहतं.

महिन्याभराने मला राहवेना. वहिनी गॅलरीत एकट्याच बसल्या होत्या, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी बरोबर केलं होतं?"

"हो."

"आणि चार तास तुम्ही नुसतेच बसलात?"

"हो, वहिनी. चुकलो."

 त्या म्हणाल्या, "ओरडलात सगळ्यांसमोर, आणि सांगताय माझ्या एकटीच्या कानात. त्यांनाही सांगा, भाऊजी."

आजच सांगतो, म्हणालो. त्याला आठवडा झाला.

काल जेवताना वहिनींनी दादाला विचारलं, "दुपारी मी एकटीने लॅपटॉप लावू का?"

"राहू दे," दादा म्हणाला, "तो आला की लाव. पुन्हा घोळ नको."

वहिनींनी मान माझ्या दिशेला वळवली आणि थांबल्या.

मी आईला म्हणालो, "भाजी वाढ गं थोडी."