कोणत्याही प्रकारचा हक्क

धाकटी बहीण शालू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच खोलीविषयी पुतण्याला चौथे पत्र लिहीत होतो. ‘आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की’ इथवर मजकूर झाला होता आणि पलीकडून तोच पुतण्या, निलेश, रडत सांगत होता, “काका, आत्या सकाळी उठलीच नाही...” मीरा रोडहून रिक्षा करून भाईंदर पश्चिमेला पोहोचलो. फाटकावर ‘बंगला विकणे आहे’ हा फलक होताच. तिला त्याच फलकाखालून बाहेर काढले.

वडिलांनी मिठागरांच्या दिवसांत बांधलेले हे दुमजली घर त्यांच्या पश्चात थोरल्या भावाच्या नावे करायचे ठरले. माझे निराळे घर झाले होते. शालू लग्नानंतर वर्षभरात परत आलेली. मागच्या खोलीत मशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी. आम्हा दोघांच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी केला. गटारापासून घरपट्टीपर्यंत प्रत्येक विषयावर पत्रे लिहून अधिकाऱ्यांना घाम फोडणाऱ्या माणसाला वकील कशाला हवा होता? ‘सदर मिळकतीत आमचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध अथवा वहिवाट शिल्लक राहिलेली नाही.’ हे वाक्य मी तीनदा घासूनपुसून घेतले. त्यातला ‘वहिवाट’ हा शब्द तर खास माझा. सहीच्या वेळी शालूने विचारले, “आणि माझी खोली?” मी हसलो. “वेडी आहेस का? घरातल्या गोष्टी कुणी कागदावर लिहितं?” तिने सही केली. वहिनीने तिला नवी साडी दिली, ओटी भरली...

थोरला भाऊ गेला आणि त्याच्या मुलांनी घर विक्रीस काढले. शालूला दोन महिन्यांत खोली रिकामी करायला सांगण्यात आले. मी संतापलो, पत्रांचा धडाका लावला, रजिस्टर पोस्टाने पाठवून प्रत्येकाची पोच फाइलला लावली. शेवटी, जन्मात प्रथमच, वकिलाकडे गेलो. त्यांनी हक्कसोडपत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, “यातून वाट नाही. मसुदा फारच पक्का आहे हो! कोणी केला?” मी कागद गोळा केले आणि उठलो.

त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. तीच आमची शेवटची भेट. ती ब्लाऊजला काजे करत होती.

“अण्णा, त्या कागदात माझी खोली हाय का न्हाय, ते एकदा सांग.”

मी कलमे, न्यायालये, मनाईहुकूम असे काहीबाही बोलत राहिलो. तिने दाताने दोरा तोडला.

“म्हंजे न्हाय. जगाकडून लेखी घेतोस रे तू. मला तेवढं तोंडी दिलंस.”

मी हातातले कागद उगाच पुन्हा जुळवू लागलो. तिलाच माझी दया आली असावी. “आणि ऐक, निलेशला एवढी जड पत्रं लिहू नको. इंग्रजी शाळेतला पोरगा तो, त्याला काय कळतंय? माझ्याकडंच आणतो वाचून घ्यायला.”

“म्हणजे तू... त्याला वाचून दाखवतेस?”

“तिन्ही दाखवली. ‘वृद्ध व असहाय भगिनी’ तेवढं गाळलं. असहाय काय रे? महिन्याला चाळीस ब्लाऊज शिवते मी!”

आजवर मी ज्यांना दोषी ठरवले, त्यांची नावे पत्राच्या वरच्या बाजूला, ‘प्रति’ या शब्दाखाली लिहीत आलो. या खेपेस तिथे कोणाचे नाव लिहावे, हे मला पुरते कळले आहे. पुतण्यांनी केले ते निर्दय आहे. बेकायदा मात्र नाही. बेकायदा ठरू नये अशी तजवीज मीच करून ठेवली होती.

गेल्या आठवड्यात तिचे मशीन आणायला गेलो, तेव्हा एक दलाल गिऱ्हाइकाला घर दाखवत होता. निलेश किल्ल्या घेऊन पुढे होता. मागच्या खोलीपाशी तो थांबला आणि कुलूप काढण्याआधी, नकळत, त्याने दारावर दोनदा टकटक केली. ब्लाऊजच्या मापासाठी आत बाया असत, म्हणून या घरातला प्रत्येक पुरुष त्या दारावर तशीच टकटक करत आला आहे.

दलाल हसला. “अंदर कौन है, भाई?”

निलेशने माझ्याकडे पाहिले, मग कुलपाकडे. “कोई नहीं,” तो म्हणाला.

कायद्याने ते उत्तर बिनचूक होते. फार वर्षांपूर्वी ते मीच लिहून दिले होते.