लग्नाच्या फोटोला लावलेली कात्री

गोव्यात, पार्से गावातल्या सुमंगला पार्सेकरला सगळा वाडा वहिनी म्हणे. नवऱ्याची, गोकुळदासची, काजूची वखार. हंगाम आला की अंगणात बियांची पोती, आणि आल्यागेल्याला चहा, पेज, जेवण वहिनीच्या हातचं. चौतीस वर्षं असंच चाललं होतं. तिच्या हातचं हुमण, माशांची आमटी, गावाला माहीत होतं. तिला स्वतःला काय आवडतं हे कुणी विचारलं असतं तर ती गोंधळलीच असती, पण विचारतो कोण?

तिला वाचनालयात नेलं ते सुनेनं, सेजलनं. डिचोलीच्या चित्रकलेच्या शिक्षिका संजनाबाई गावातल्या बायकांना सहा शनिवार कोलाज शिकवणार होत्या.

"चित्र काढायचं नाही," संजनाबाई म्हणाल्या. "घरातला जुना कागद आणायचा, फाडायचा, चिकटवायचा. विषय एकच, मी. आणि आधी डोकं चालवायचं नाही. हात जो कागद उचलेल तो घ्यायचा."

"पोरांचे खेळ हे," सुमंगला सेजलच्या कानात पुटपुटली. तरी पुढच्या शनिवारी ती पिशवीभर कागद घेऊन गेली: लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, साबणाची वेष्टणं, साडीच्या खोक्यातले कागद. सोबत वाटीत मैद्याची खळ.

बाकीच्या बायकांनी देव लावले, फुलं लावली, नातवंडांचे फोटो लावले. सुमंगलाचा हात मात्र निळ्याकडे जात राहिला. साबणाचं निळं, कॅलेंडरच्या आभाळाचं निळं, जुन्या कार्बन पेपरचं काळपट निळं. ती पट्ट्या फाडायची आणि आडव्या लावत जायची, एकीखाली एक. तिसऱ्या शनिवारी शेजारच्या बाईनं विचारलं, "आभाळ की काय गे हे?"

"न्हय," ती म्हणाली. "नदी."

आणि तोंडातून शब्द गेल्यावर तीच दचकली.

तिचं माहेर नार्व्याचं. तिथं ती सुमंगला नव्हतीच, शांता होती. बाप नारायण नदीकाठी मिरची, अळसांदे, तांबडी भाजी पिकवायचा. भाजीच्या करंड्या होडीत घालून पलीकडे दिवाडीला न्यायच्या असत, आणि चौदाव्या वर्षापासून ते काम शांतेचं होतं. ओहोटी अंगावर घेऊन ती एकटी होडी परत आणायची. काठावरचे बाप्ये उभे राहून बघायचे. लग्न ठरलं तेव्हा आईनं महिनाभर तिच्या तळहातांना खोबरेल चोळलं, वल्ह्याचे घट्टे सासरच्यांना दिसू नयेत म्हणून. मग तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि शांता कुठं गेली याची चौकशी कुणी केली नाही. तिनंसुद्धा नाही.

आता नदीत होडी हवी होती. ती तिनं तपकिरी पोत्याच्या तुकड्याची केली. होडीत बाई हवी होती. तिनं घरातले सगळे आल्बम पालथे घातले. ती होती, पण कुठं वाढताना पाठमोरी, कुठं नातवाच्या मागं अर्धी, कुठं नुसता हात आणि हातात डाव. पूर्ण अशी ती एकाच फोटोत होती. तो हॉलमध्ये चौकटीत टांगलेला. लग्नाचा.

बुधवारी सकाळी तिनं तो उतरवला, मागचे खिळे उचकटले आणि मेजावर ठेवून कापला. उरलेला भाग चौकटीत बसवून तिनं परत भिंतीला टांगला.

दुपारी जेवायला आलेल्या गोकुळदासनं भिंतीकडं बघितलं. चौकटीत फेटा बांधलेला तो एकटाच उभा, आणि शेजारी बाईच्या आकाराचं भोक.

"सुमंगले! हे काय केलंस?"

"चित्रासाठी पाहिजे होता."

"अगे, लग्नाचा फोटो तो! नवरा जिता असताना कात्री लावतात? अपशकुन कळतो का तुला?"

"तुमचा अर्धा तसाच आहे," ती आमटी वाढत म्हणाली. "मी माझा घेतला."

गोकुळदास पानावरून उठला. रात्री मुलगा प्रज्योत आईजवळ येऊन बसला. "आई, स्कॅन करून दिला असता गे मी. हवी तेवढी प्रिंट काढली असती."

"प्रिंट तुम्ही काढा आणि भिंतीला लावा. मला खरीच पाहिजे होती."

प्रदर्शन सहाव्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात होतं. त्याआधीच बातमी गावभर झाली. वाचनालयाचे अध्यक्ष बाबुराव म्हणजे गोकुळदासचे चुलतभाऊ. ते सकाळीच येऊन चित्रासमोर उभे राहिले. निळ्या पट्ट्यांची नदी, पोत्याची होडी, आणि लग्नाच्या शालूत, मुंडावळ्यांसकट, वल्हं घेतलेली एकवीस वर्षांची मुलगी. खाली संजनाबाईंनी टाइप केलेली 'सुमंगला गोकुळदास पार्सेकर' ही चिठ्ठी तिनं काढून टाकली होती. स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: शांता नारायण नार्वेकर.

"वहिनी, एवढं एक चित्र उतरवूया," बाबुराव हळू आवाजात म्हणाले. "बाकीची राहू देत. उगीच गोकुळदासाची शोभा कशाला?"

"त्यांची शोभा कशी होते, भावजी? ते तर चित्रात नाहीतच."

"तेच म्हणतो मी! लोक काय ते समजतात."

"समजू देत. चुकीचं समजले तर मी इथंच आहे, विचारतील."

तिनं एक खुर्ची ओढली, चित्राच्या बरोबर खाली मांडली आणि पदर आवळून बसली. "आता उतरवायचं तर आधी मला उठवा."

बाबुरावांनी संजनाबाईंकडं बघितलं. संजनाबाई म्हणाल्या, "ज्यांचं चित्र त्यांची मर्जी." सेजलनं दुसरी खुर्ची आणली आणि सासूशेजारी बसली. बाबुराव घसा खाकरून चहा बघायला निघून गेले.

दिवसभर लोक आले. काही बायका तोंडावर पदर धरून हसल्या. दोघीतिघी मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि एक म्हातारी जाताना म्हणाली, "माझं नाव द्रौपदी होतं गे. आज पन्नास वर्षांनी तोंडात आलं." चार वाजता गोकुळदास आला. तो चित्रापुढं येऊन थांबला.

"तुला होडी मारता येते?"

"येते."

"कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तुम्ही हसला होता, आणि तुमची आई म्हणाली, बाहेर कुणाला सांगू नकोस."

तो गेला. पुढचे आठ दिवस घरात तो तिच्याशी बोलला नाही, आणि तिनंही त्याची मनधरणी केली नाही. आजवर प्रत्येक अबोला तिनंच मोडला होता. हा तिनं तसाच राहू दिला. जेवण वेळेवर होत होतं, बस्स.

रविवारी ती बसनं नदीकाठच्या चोपड्याला गेली. काठावर सगुण नावाचा मच्छीमार जाळं वाळत घालत होता.

"तासाभरासाठी होडी देशील?"

सगुणनं तिच्याकडं, तिच्या साडीकडं बघितलं. "घेऊन कोण जाणार?"

"मीच."

"भरती लागली आहे, बाय. पाणी आत ओढतं."

"मला कळतं पाणी."

पहिली दहा वल्ही वेडीवाकडी पडली. होडी गरगरली, आणि काठावरून कुणीतरी शीळ घातली. तिनं साडी गुडघ्यावर खोचली, पाय फळीला रेटले आणि पाठ सगळी मागं टाकली. मग अंगाला आठवलं. खांदे पेटले, श्वास लागला, पण होडी सरळ झाली आणि भरतीच्या तोंडावर इंच इंच पुढं सरकू लागली. नदीच्या मध्यावर पोचल्यावर ती मोठ्यानं हसली. ऐकायला कुणी नव्हतं आणि कुणी असायची गरजही नव्हती.

त्यानंतर दर रविवारी ती जाऊ लागली. गोकुळदासचा अबोला आपोआप विरला, पण चोपड्याचा विषय त्यानं काढला नाही, आणि तिनं परवानगी मागितली नाही. तिसऱ्या रविवारी ती चपला घालत होती तेव्हा वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला.

"परत किती वाजता येणार?"

"भरती बघून," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.