तळातल्या तेलाची काळजी

पोरांची, पावसाची, दुखऱ्या गुडघ्यांची काळजी करणारे मी पुष्कळ पाहिले. पण समुद्राच्या तळाखाली खडकात मुरलेल्या तेलाच्या काळजीनं वाळत गेलेला माणूस आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता.

महाप्याच्या कंपनीत त्याचं काम एवढंच, की खाली खडकात गरमी आणि दाब बदलला तर कच्चं तेल किती पातळ राहील, किती घट्ट होईल, ते कॉम्प्युटरवर आधी सांगायचं. मी चौथी शिकलेला, पण एवढं मला कळतं; हसायचं काम नाही. तो मात्र ते काम घरी आणायचा. माझ्या म्हातारीनं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण दिलं, की आधी चमचा तिरका धरून धार बघत बसायचा. "काकी, गार झालं की हे किती घट्ट होईल?" म्हातारी म्हणायची, "गरम हाय तवर खा ना रं बाबा, मंग होनारच नाय घट्ट!" शिऱ्याला, मधाला, माझ्या स्कूटरच्या ऑइललासुद्धा त्यानं असंच छळलं. थंडीत आमचं खोबरेल गोठलं, की त्या बाटलीसमोर कपाळाला हात लावून बसायचा, जसं काही घरातलं कोणी आजारी आहे.

गेल्या वर्षी मात्र खरीच काळजी आली. तेलाच्या नव्या विहिरीत कोणता पंप सोडायचा, हे त्याच्या हिशेबावर ठरणार होतं. त्याचे साहेब वर आणलेलं बाटलीतलं डांबरासारखं तेल दाखवून म्हणत, मोठा पंप लावा. हा म्हणे, छोटा पुरे.

"काका, तळाशी दाबाखाली त्यात वायू मुरलेला असतो, म्हणून ते पातळ असतं. वर आलं की सोड्यासारखा वायू उडून जातो, मग ते असं होतं. बाटलीला काय विचारायचं?"

"मंग सांग ना त्यांना!"

"लेखी सांगितलंय. चुकलो तर पंप अडकेल, नोकरी जाईल."

"घाबरतंस कशाला? माझा ओटा पाडाला मुन्शिपाल्टीवाले आल्ते, मी वर बसून ऱ्हायलो. हाय का नाय आजून ओटा?"

"पण काका, तुमचा ओटा तुम्हाला दिसत होता."

मी बाहेर जाऊन ओटा एकदा चाचपून आलो.

पंप सोडायच्या दिवशी तो जेवला नाही. फोन मांडीवर घेऊन जिन्यात बसला. त्याची काळजी मलाही चिकटली. कुणाला न सांगता गावदेवीच्या देवळात जाऊन नारळ बोललो : बाई, याचा पंप चालू दे. संध्याकाळी तो धडधडत खाली आला. "काका, चाललं! पातळच निघालं!" आणि लगेच चेहरा पडला. "पण आता दाब कमी होत जाईल, वायू सुटेल, तेल घट्ट होईल... मग?" घोटभर आनंदही या माणसाला पचत नसे.

त्या 'मग'साठीच कंपनीनं त्याला कायमचं तिकडे, ती विहीर होती त्या पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतलं. नारळ मीच फोडला होता. तक्रार कुणाकडे करणार?

खोली बघायला माणसं येतात. मी सांगतो, भिंतींना ओल आहे. म्हातारी म्हणते, "कुठं हाय ओल? खोटारडा!" परवा थंडी पडली आणि खोबरेल गोठलं. म्हातारी बाटली उन्हात ठेवायला निघाली.

म्हटलं, "ऱ्हाऊ दे जरा तशीच. फोन आला त विचारंल तो."