नात्याचा रकाना

लोकसाहित्याच्या विभागात दोन प्रकारचा ऐवज साठतो. एक आम्ही गावोगाव हिंडून गोळा करतो. त्याला क्रमांक पडतो, त्याचं वर्गीकरण होतं आणि तो कपाटात जातो. दुसरा आमच्यावरच घडतो. त्याला अहवालात जागा नसते. फार तर शेवटच्या पानावर 'शेरा' नावाचा रकाना असतो, तोही दीड ओळीचा. म्हणून तो चहाच्या टेबलावर साचत जातो. गेल्या दोन वर्षांत आमच्या टेबलावर जे साचलं, ते एका अनुदानामुळे.

विद्यापीठाने 'डिजिटल मानव्यविद्या' या विषयासाठी अनुदान जाहीर केलं. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून भाषा, इतिहास किंवा लोकपरंपरेतलं काही संगणकावर आणावं, ते कोणालाही शोधता यावं, अशी योजना होती. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयातून मी आणि एम.ए.ची विद्यार्थिनी वैशाली, अशा दोघांनी अर्ज केला. विषय होता हेल. आमच्याकडच्या जुन्या बाया मयताला नुसत्या रडत नाहीत. त्या ओळी रचत रडतात. गेलेल्या माणसाला हाक मारतात, त्याची कामं, त्याच्या वस्तू, त्याचं राहून गेलेलं, सगळं चालीत सांगतात. हे येणाऱ्या बाया आता मोजक्या उरल्या आहेत. त्या गेल्यावर त्यांच्यासाठी तसं रडायला कोणी नसेल, एवढंच आमचं कारण होतं.

मुलाखतीला अनुदानाच्या आढावा समितीचे अध्यक्ष होते. अत्यंत शिस्तीचे, आवाज एका पट्टीत ठेवणारे गृहस्थ. त्यांनी अर्जावरून मान न उचलता विचारलं, "प्रकल्पाचा अंतिम लाभार्थी कोण?"

मी विषयाला धरून उत्तर दिलं, "सर, हेल ज्याला उद्देशून असते तो. म्हणजे मृत व्यक्ती."

त्यांनी ते टिपून घेतलं. आठवड्याने मंजुरीचं पत्र आलं. खाली अट होती : 'लाभार्थ्यांचे संमतिपत्र जोडावे.'

* * *

पहिली चाचणी आम्ही शेलूबाजारला घेतली. तिथल्या एका बाईंनी शब्द न उच्चारता नुसती चाल दाखवायची तयारी दर्शवली होती, पण घरात नाही. घरात असलं काही तोंडातून काढायचं नाही, म्हणून जीप थांबतात तिथल्या झाडाखाली आम्ही बसलो. बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि चार मिनिटं अशी चाल लावली, की शेजारच्या रसवंतीवाल्याने घुंगराचं चाक थांबवलं.

विद्यापीठाने दिलेलं सॉफ्टवेअर मोठं हुशार होतं. ते आवाजातला गोंगाट आपोआप काढून टाकत असे. विभागात येऊन ऐकलं, तर त्याने हेल पूर्णपणे काढून टाकली होती! मागे राहिला होता तो फक्त जीपवाल्याचा आवाज, अतिशय स्वच्छ : "मंगरूऽळ, मंगरूऽळ! एकच शीट, एकच शीट! बसा मावशे, कायले उभ्या राह्यल्या!"

हा नमुना चुकून समितीकडे गेला. अध्यक्षांचा शेरा आला : 'ध्वनिमुद्रणाचा दर्जा उत्तम. आशय स्पष्ट करावा.'

* * *

जऊळक्याला एक वृद्धा वारल्याचं कळलं. वैशालीची दूरची ओळख होती. मी तिला म्हटलं, "जा, पण नीट विचारून बस." गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर बंद करून ती गेली. अंगणात बायांचा घोळका होता. मध्ये बसून हेल काढणाऱ्या बाईने रडता रडताच तिच्याकडे पाहून विचारलं, "कोन व्हय वं तू? बुढीची कोन लागतं?"

वैशाली घाबरून खरं बोलली, "विद्यापीठाकडून आली, काकू."

बाईने श्वास घेतला आणि चाल न मोडता पुढची ओळ टाकली :

"माय वं माय... शाळेचं तोंड नाई पायलं तू, अन् विद्यापीठानं मानूस धाडलं वं तुले पायाले..."

घोळक्यातल्या दहा-बारा बाया एकदम फुटल्या. मृत बाईंच्या मुलाने वैशालीला खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी तो महाविद्यालयात हजर! म्हणाला, "मास्तर, मायच्या मयताले विद्यापीठ हजर होतं, येवढं शिक्क्यानिशी लिहून द्या. भाऊबंद मानून नाई राह्यले."

आम्ही लिहून दिलं. मग मी वैशालीकडे ध्वनिमुद्रण मागितलं. ती बराच वेळ पिशवी चाचपत राहिली.

"सर, बटण दाबायचं राहिलं."

"का?"

"रडू आलं."

अहवालात मी 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं.

* * *

एव्हाना संगणकावरचा संग्रह मात्र उत्तम तयार झाला होता. शोध घेण्याची सोय, तालुक्यांचा नकाशा, समितीला घरबसल्या उघडून पाहता आणि दुरुस्त करता यावा असा प्रवेश, सगळं होतं. नव्हती फक्त नोंद. प्रत्येक नोंदीसाठी काही रकाने सक्तीचे होते. त्यातला एक असा : 'गायिकेचे मृताशी नाते'. पर्याय चार दिले होते : आई, मुलगी, बहीण, सून. यापैकी एक निवडल्याशिवाय संगणक नोंद पूर्ण करू देत नसे.

मी समितीला सविस्तर टिपण पाठवलं. हेल काढणारी बाई पुष्कळदा नात्याची नसते, शेजारीण असते, कधी कधी मुद्दाम बोलावून आणलेली असते. सबब 'इतर' हा पाचवा पर्याय द्यावा. सोबत तीन पानांचं विवेचनही जोडलं.

अध्यक्षांच्या उत्तराचा पहिला परिच्छेद एका ओळीचा होता : 'नात्याशिवाय रडणे ग्राह्य धरता येणार नाही.'

दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी कळवलं होतं, की पुढच्या महिन्यात ऑनलाइन आढावा होईल आणि त्यात किमान एक अस्सल नमुना सादर झाला नाही, तर प्रकल्प बंद करण्यात येईल. वैशालीचा लघुप्रबंध याच प्रकल्पावर होता. तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, महिन्याभरात कोणी गेलं तर बरं, असं वाटणं पाप आहे का?"

मी म्हटलं, "शास्त्रीयदृष्ट्या सांगता येणार नाही."

* * *

शेवटचा आधार होत्या धनजच्या गयाबाई. भाजीचा मळा, सत्तरी ओलांडलेली, पंचक्रोशीत कुठेही मयत झालं की पहिला निरोप यांना जायचा. आम्ही गेलो तेव्हा त्या वांगी तोडत होत्या. त्यांनी आम्हाला जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलं कोन?"

"कोणीच नाही. नमुन्यासाठी हवं आहे."

"मेल्याबिगर रडनं कायचं, मास्तर? नाव नाई, गाव नाई. हेल काय हवेत सोडू?"

वैशालीचा चेहरा पाहून मी संशोधनासाठी करता येईल तेवढा त्याग केला. म्हटलं, "माझं नाव घ्या."

गयाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "जित्या मानसाची हेल काढत नसतेत. अन् तुमी तं आत्ताच तीन भाकरी अन् वांग्याची भाजी खाऊन राह्यले. रडू येईन कसं तुमच्यासाठी?"

घरी येऊन हा प्रसंग मी पत्नीला सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "बाई जाणकार दिसतात."

* * *

आढाव्याच्या दिवशी आमच्याकडे नमुना नव्हता. म्हणून आम्ही गयाबाईंनाच विभागात आणलं. त्यांनी स्वतः समितीला सांगावं, की हेल मागून मिळत नाही. निदान प्रकल्प सन्मानाने बंद होईल, असा माझा विचार होता. पडद्यावर अध्यक्ष आणि दोन सदस्य दिसत होते. गयाबाई खुर्चीत मांडी घालून बसल्या. वैशालीने सांगितलं होतं म्हणून त्यांनी पडद्याला नमस्कार केला.

अध्यक्ष म्हणाले, "नमुना सादर करा."

मी बोलणार, तेवढ्यात गयाबाईंनीच विचारलं, "साहेब, तुमचं कोनी गेलं काय एवढ्यात?"

अध्यक्षांनी कागदावरून मान उचलली. मग ते म्हणाले, "आई. मागच्या वर्षी."

"नाव काय होतं?"

"सुभद्रा."

"रडलं कोन तिच्यासाठी?"

"आम्ही दोन मिनिटं स्तब्धता पाळली."

"स्तब्ध कायले? मुकी होती काय माय तुमची?" गयाबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "लेक नव्हती काय तिले?"

"नाही. मी एकटाच."

"अन् करे काय माय तुमची दिवसभर?"

सदस्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शिकायला बाहेरगावी होतो. ती रोज एसटीने डबा पाठवायची. फाट्यापर्यंत चालत येऊन कंडक्टरच्या हातात द्यायची. सात वर्षं."

गयाबाईंनी पदर तोंडाशी घेतला. या खेपेला बटण मी दाबलं होतं. वैशालीवर भरवसा नव्हता.

"माय वं सुभद्रा माय... एष्टी फाट्यावर उभी हाय वं... कंडक्टर हात पुढं करून राह्यला, डबा कोन देईन वं... सात वर्सं पाय भाजले तुये, मले एकदाबी नाई सांगतलं वं माय... कडी लावून गेली तू, मी कोनत्या घरी येऊ वं..."

अकरा मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला अध्यक्षांची चौकट काळी झाली.

हेल संपल्यावर गयाबाईंनी डोळे पुसले, पाणी मागितलं आणि त्या काळ्या चौकटीकडे पाहून म्हणाल्या, "जेवून घेजा, भाऊ. उपाशी नोका राहू."

संध्याकाळी इतिवृत्त आलं. 'नमुना सादर झाला. प्रकल्प पुढे चालू ठेवण्यास मान्यता. तांत्रिक अडचणीमुळे अध्यक्षांचा कॅमेरा काही काळ बंद होता.'

वैशालीने नोंद भरायला घेतली. गायिका : गयाबाई. गाव : धनज. मृताचे नाव : सुभद्रा. पुढे नात्याच्या रकान्याशी ती अडली. आई, मुलगी, बहीण, सून. यांतलं काहीच खरं नव्हतं आणि संगणक पुढे जाऊ देत नव्हता. शेवटी ती नोंद तशीच अर्धवट ठेवून घरी गेली.

सकाळी आम्ही संग्रह उघडला. नोंद क्रमांक एक, पूर्ण. गायिकेचे मृताशी नाते : मुलगी. खाली बारीक अक्षरांत, नोंद पूर्ण करणाऱ्याचं पद : अध्यक्ष, आढावा समिती.